शिल्लक आणि तारीख : दख्खनमधील कष्टकरी कुटुंबांच्या बचतीचा इतिहास (१८३६ ते १९३१)

प्रस्तावना

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कौटुंबिक वित्तविषयक समितीचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी सुमारे ८४ टक्के वाटा घर, जमीन व तत्सम वस्तूंचा, ११ टक्के सोन्याचा आणि केवळ ५ टक्के वाटा बँकेतील ठेवी, विमा, निवृत्तिवेतन यांसारख्या आर्थिक साधनांचा आहे, असे त्यात नमूद आहे. हे आकडे चर्चेत आले की त्यांचे स्पष्टीकरण बहुधा सवयींमध्ये शोधले जाते. लोकांना बचतीचे वळण नाही, लग्नकार्यात उधळपट्टी होते, सोन्याचा मोह सुटत नाही, अशी ही कारणे होत. ती नवी नाहीत. दख्खनच्या रयतेविषयी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी आणि शहरी सुशिक्षित हेच बोलत होते.

प्रस्तुत निबंधात या स्पष्टीकरणाची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, दख्खनमधील शेतकरी व मुंबईतील गिरणी कामगार यांच्याकडे रोख शिल्लक नव्हती याचे मुख्य कारण काटकसरीचा अभाव हे नव्हते. देणे ठरलेल्या तारखेला द्यावे लागे आणि उत्पन्नाला मात्र तारीख नव्हती. या दोहोंमधील अंतर सावकाराच्या वहीने भरून निघे, आणि जी काही शिल्लक उरे ती अशा रूपात ठेवली जाई की एखाद्या सरकारी निर्णयाने तिचे मोल उतरावे.

साऱ्याचे दिनमान

१८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीनुसार जमाबंदी सुरू झाली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. मोजणी, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी कायम केलेला आकार ही तिची वैशिष्ट्ये होत. आधीच्या प्रिंगल यांच्या जमाबंदीच्या तुलनेत हा आकार सौम्य होता, हे मान्यच केले पाहिजे. तथापि सारा रोख आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावयाचा होता. पाऊस कमी पडो वा अधिक, हप्त्याची तारीख बदलत नसे. ज्या मुलखात दर काही वर्षांनी एक पीक हातचे जाते, तेथे सरासरी उत्पन्नाचा हिशेब कागदावर ठीक दिसतो. पण कोणतेही कुटुंब सरासरी वर्षात जगत नाही. पीक हाती येताच, म्हणजे भाव सर्वांत पडलेला असताना, धान्य विकणे आणि पुढे पेरणीच्या वेळी तेच धान्य चढ्या भावाने उधार आणणे हा क्रम त्यातून ठरून गेला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले, गावोगाव पैसा खेळू लागला आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. भाव कोसळल्यानंतर, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांत फेरआकारणी सुरू झाली आणि साऱ्याचे दर लक्षणीय वाढले. याच सुमारास १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा परिणामही दिसू लागला होता. या कायद्याने नोंदणी न केलेल्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुने खत फाडून, थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. कुणब्याच्या बैलजोडीसाठी काढलेले कर्ज अशा रीतीने त्याच्या मुलाच्या नावावर कितीतरी पटींनी वाढून येई.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्याला आरंभ झाला. त्यानंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव जमावांनी सावकारांकडून मागितले ते मुख्यतः रोखे आणि खते. ती मिळाली की जाळण्यात आली. माणसांवरील हल्ले त्या मानाने थोडे झाले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने काही गावांच्या तपशिलावरून सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात असल्याचे आणि त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सुमारे अठरा पट असल्याचे नोंदविले. लग्नखर्चाविषयीचा आयोगाचा अभिप्राय मात्र आज फारसा आठवला जात नाही. लग्न व सणांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा खर्च हा कर्जाचा मूळ गाभा क्वचितच असतो, असे खुद्द सरकारी आयोगाने म्हटले होते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये शेतकऱ्याच्या घरच्या साध्या लग्नाचे वर्णन करून याच आरोपाचा समाचार घेतला आहे. दोन भिन्न, किंबहुना परस्परविरोधी भूमिकांवरून आलेले हे मत जुळावे, याला ऐतिहासिक साक्ष म्हणून वजन आहे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयांना खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक थांबविली. हप्त्याच्या तारखेला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

चांदी हीच शिल्लक

मग या कुटुंबांकडे काहीच साठत नव्हते काय? साठत होते. चांगल्या वर्षी सुगीनंतर उरलेल्या पैशातून घरच्या बाईसाठी गोठ, तोडे, वाळे, साखळ्या घडविल्या जात. याला हौस म्हणणे हा अर्धाच अर्थ झाला. चांदीचा रुपया तोळाभर वजनाचा होता आणि टांकसाळ कोणाकडूनही चांदी घेऊन रुपये पाडून देत होती. त्यामुळे दागिन्याचे मोल त्यातील चांदीच्या वजनावरून जवळजवळ रुपयांतच कळे. सोनाराची घट वजा जाता अंगावरचा दागिना म्हणजे वितळविलेले रुपयेच होते. त्याला व्याज मिळत नसे हे खरे. पण तो सावकाराच्या वहीत चढत नसे आणि त्याला आणेवारीही लागत नसे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हेच दागिने मोठ्या प्रमाणावर मोडले गेले आणि मुंबईच्या टांकसाळीत वितळले. बचत ज्यासाठी करावयाची, त्याच कामी ती आली.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. यामागची कारणे विनिमयदराची आणि विलायतेला पाठवावयाच्या रकमांची होती. रुपयाचे मोल पुढे एक शिलिंग चार पेन्स इतके स्थिर करण्यात आले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय चलनसुधारणेच्या प्रकरणात येतो. दख्खनमधील एखाद्या घरात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. रुपयाचे मोल त्यातील चांदीपासून तुटले, आणि चांदीचा बाजारभाव घसरत गेला. उद्या दहा तोळ्यांचे तोडे मोडावयास नेले तर दहाच्या आसपास रुपये हाती पडतील हा हिशेब संपला. सारा मात्र रुपयांतच भरावयाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले तेव्हा ही शिल्लक बाजारात आली, ती बऱ्याच कमी मोलाने. गरिबाच्या साठवणीवर पडलेल्या या घाल्याविषयी समकालीन भारतीय टीकाकारांनी तक्रार केली होती. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, आपल्याकडील बचतीच्या इतिहासात १८९३ या सालाला १८७५ च्या तोडीचे स्थान दिले गेले पाहिजे. १८७५ ला मशाली होत्या म्हणून ते लक्षात राहिले, इतकेच.

डाकघर बचत बँक १८८२ पासून सुरू झाली होती. परंतु तिचे खातेपुस्तक वाचता येणारे, डाकघर असलेल्या गावी वारंवार जाऊ शकणारे आणि महिन्याचे वेतन मिळणारे लोकच तिचा सहज उपयोग करू शकत होते. कारकून, शिक्षक व नोकरदार यांचा वर्ग तिला लाभला. कोरडवाहू शेतकरी तिच्यापासून दूर राहिला, हे त्याच्या अडाणीपणापेक्षा त्या बँकेच्या रचनेवरून अधिक समजते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. १९२१ मध्ये कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या अधिक कोरड्या गावाची केली. त्यांच्या हिशेबाने पहिल्या गावातील सुमारे ६५ टक्के आणि दुसऱ्या गावातील सुमारे ८५ टक्के कुटुंबांची आर्थिक स्थिती, शेती आणि बाहेरची मजुरी दोन्ही धरूनही, आपल्याच राहणीमानाने निर्वाह करण्यास अपुरी होती. पिंपळे सौदागर येथे आज उंच इमारती आणि मासिक हप्त्यांवर घेतलेली घरे आहेत. मान यांचे पुस्तक हाती घेऊन तेथे फिरणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रकल्प ठरेल.

गिरणगावातील पगाराचा दिवस

रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील इतर भागांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली ती बव्हंशी रोख पैशासाठी. फिंडले शिरस यांनी मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात केलेल्या कामगारांच्या जमाखर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबांच्या या पाहणीत कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये निघाले. खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के भाड्यावर आणि ७.४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर जात होता. ४७ टक्के कुटुंबे सावकाराच्या कर्जात होती. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे दरसाल ७५ टक्के.

या आकड्यांतही कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्च सहज बोट दाखविण्यासारखा आहे. पण पगाराची रीत पाहिली पाहिजे. पगार महिन्याचा, आणि तो महिना संपल्यानंतरही कित्येक दिवस उशिराने हाती पडे. नव्याने आलेला माणूस कामावर लागला तरी पहिला पगार मिळेपर्यंत त्याला खाणावळीत, वाण्याकडे आणि खोलीच्या भाड्यात उधारी करणे भाग होते. काम मिळविण्यासाठी जॉबरला द्यावी लागणारी दस्तुरी वेगळीच. म्हणजे मुंबईतील संसाराची सुरुवातच उणे शिलकेने होई. जो बदली कामगार, तो रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून आज काम आहे की नाही हे पाहत असे. त्याला तर महिन्याच्या उत्पन्नाचा अंदाजही बांधता येत नव्हता. उरलेला पैसा मनीऑर्डरने गावी जाई. तेथे तो सारा, जुने कर्ज, छपराची डागडुजी यांत जिरे. आजारपणात, संपात किंवा म्हातारपणी परतावयाचे ठिकाण तेच असल्यामुळे ही मनीऑर्डर हाच त्या कामगाराचा विमा होता. शहरातील पाहणीदाराच्या तक्त्यात मात्र ती खर्चाच्या बाजूला पडत होती.

येथे ‘पत’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. वाण्याची उधारी वेळेवर चुकती करणे, गाववाल्याला अडीनडीला दोन रुपये देणे, भिशीचा हप्ता न चुकविणे यांत गुंतलेला पैसा मोजता येत नाही. पण काम सुटले की महिना दोन महिने धान्य मिळत राही ते या पतीवर. हातात दहा रुपये ठेवून वाण्याचे देणे थकविणारा माणूस शहाणा ठरला नसता. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कर्जात असल्याचे आणि कर्जाची रक्कम बहुधा तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक असल्याचे नमूद केले. वेतन ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने आले.

तारीख जुळली तेव्हा

वरील प्रतिपादनाची उलट बाजूने पडताळणी करता येते. देण्याघेण्याच्या तारखा जेथे जुळल्या तेथे हेच लोक पैसा साठवू लागले काय? १९५२ च्या कायद्यानंतर गिरणी कामगाराचा भविष्य निर्वाह निधी पगारातूनच कापला जाऊ लागला, आणि त्याच्या नावे पहिल्यांदा मोजण्याजोगी रक्कम जमली. १९२८ मध्ये उडुपी येथे सुरू झालेल्या पिग्मी ठेवीची पद्धत महाराष्ट्रातील पतसंस्थांनीही उचलली. रोज संध्याकाळी दारावर येणारा प्रतिनिधी भाजीवाली, चहावाला, रिक्षावाला यांच्या रोजच्या मिळकतीच्या तालावर चालतो. बचत गटांच्या मासिक वर्गणीविषयीही असेच म्हणता येईल. उलटपक्षी १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन जवळपास अर्धे शतक लोटल्यावरही, शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा मिळून सुमारे ७० टक्के आढळला. सहकारी कर्ज तारण आणि मुदत पाहून मिळे. सावकार रात्री अपरात्री दार उघडत असे.

या निबंधाचे वाचक बहुतांशी प्राध्यापक आहेत. आपल्यापैकी ज्यांची नेमणूक कायम आहे त्यांची शिल्लक कितपत स्वतःच्या काटकसरीची आणि कितपत वेतनपत्रकातील कपातीची, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गांवर तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अनेक सहकाऱ्यांना मानधन कित्येक महिन्यांनी एकरकमी मिळते आणि उन्हाळ्याच्या सुटीत काहीच मिळत नाही. ते पोहोचते तेव्हा त्यावर किराणा दुकानदाराचा, घरमालकाचा आणि उसनवारी दिलेल्या मित्राचा हक्क आधीच लागलेला असतो. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘बचतीची प्रवृत्ती’ हा घटक पुष्कळदा तेच शिकवितात.