नशीब नको, कारण सांगा!

सानगडीसारख्या धानपट्ट्यातल्या गावात एक वाक्य रोज कानावर पडते: "नशिबात होतं, झालं." धान करपले, नशीब. पोराची शाळा सुटली, नशीब. बाई बाळंतपणात गेली, तरी नशीबच. हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. पण हे वाक्य निष्पाप नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या गुलामीचा इतिहास आहे.

छांदोग्य उपनिषद सांगते की, चांगले आचरण करणारे ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्मतात आणि वाईट आचरण करणारे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत. म्हणजे तुझ्या अवस्थेला तूच जबाबदार, आणि तोही मागच्या जन्मातला तू! ज्या गुन्ह्याचा पुरावा नाही, साक्षीदार नाही, आठवणही नाही, त्याची शिक्षा मात्र पिढ्यान् पिढ्या भोगायची. चौदाव्या शतकातल्या संत चोखामेळ्यांसारख्या प्रतिभावंतालाही आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधावे लागले. ही या तत्त्वज्ञानाची ताकद होती. बेडी हातात नव्हती, मनात होती.

याच्याविरुद्धची लढाई मात्र अडीच हजार वर्षे जुनी आहे. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल सांगत होता की, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही. फेकलेला सुताचा गुंडा उलगडत जाऊन संपतो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरल्याप्रमाणे फिरून सुटतात. सगळ्या मतांमध्ये हे मत बुद्धाने सर्वांत निकृष्ट ठरवले. अंगुत्तर निकायात बुद्ध तीन मते खोडून काढतात: सगळे पूर्वकर्माने घडते, सगळे ईश्वर घडवतो, सगळे कारणाशिवाय घडते. तिन्हींवर त्यांचा आक्षेप एकच आहे. हे मानले तर खुनीसुद्धा पूर्वकर्मामुळे खुनी ठरेल आणि 'हे करावे, हे करू नये' याला अर्थच उरणार नाही. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, सगळे सुखदुःख पूर्वकर्माचेच का? बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी आठ कारणे मोजून दाखवतात. कर्मविपाक त्यातले फक्त एक. ही वैद्याची नजर आहे, पुरोहिताची नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. वैनगंगेच्या काठाला हा विचार परका नाही.

त्रिपिटकात पूर्वजन्माच्या कथाही आहेत, हे आम्ही लपवत नाही. बाबासाहेबांनीही लपवले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी कसोटी दिली: जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत, तेच बुद्धवचन मानावे. मूल गुणधर्म आईबापांकडून घेते, असे विज्ञान सांगते. मग पूर्वजन्मीचे कर्म शरीरात शिरते कुठून, असा त्यांचा रोख होता.

आता काही जण विज्ञानाचे नाव घेऊन तेच नशीब मागच्या दाराने आणतात. १९८३ मध्ये अमेरिकेतील बेंजामिन लिबेट यांच्या प्रयोगात असे दिसले की, मनगट हलवण्याची इच्छा माणसाला जाणवण्याआधी सुमारे एकतृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल सुरू होते. 'म्हणजे इच्छास्वातंत्र्य खोटे!' असे अनेकांनी जाहीर केले. खुद्द लिबेट तसे म्हणाले नाहीत; उठलेली इच्छा ऐनवेळी रोखता येते, असे त्यांचे मत होते. आणि आम्ही विचारतो, मनगट हलवणे आणि धर्म बदलणे एकच आहे का? १९३५ ला येवल्यात घोषणा, १९५६ ला नागपुरात दीक्षा. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आणि वादविवाद. १९५४ ला याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. ते नशिबाला दोष देत थांबले नाहीत.

इच्छा आकाशातून पडत नाही, तिलाही कारणे असतात. पण कारण म्हणजे नियती नव्हे. नियती बदलत नाही, कारण बदलता येते. शिक्षण, संगत आणि संघटन ही नवी कारणे आपणच निर्माण करतो. स्वातंत्र्य ते हेच.

२९ सप्टेंबर २००६. याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेही नशीब होते का? नव्हते. माणसांनी ठरवून केलेले कृत्य होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. म्हणजे मारणारे हात दिसले, त्यामागची जात दिसली नाही. निम्मे कारण सांगणे म्हणजे निम्मे नशीब शिल्लक ठेवणे.

मित्रांनो, यापुढे कोणी "नशिबात होतं" म्हणाले की त्याला हसू नका. शेजारी बसा आणि विचारा: कालव्याचे पाणी का आले नाही? दवाखान्यात डॉक्टर का नव्हते? पोराची शिष्यवृत्ती कुठे अडकली? कारण सापडले की जबाबदार सापडतो, आणि जबाबदार सापडला की लढाई सुरू होते.

जयभीम!