नॉर्मल क्लास ते बी.एड. : शिक्षक घडवण्याचे तीन जुने प्रश्न



शिक्षक-प्रशिक्षणावर बोलायला उभं राहिलं की हल्ली तीन शब्द लगेच कानावर येतात. धोरण, समावेशक शिक्षण आणि मूल्यमापन. बी.एड.ची मुलं हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या पेपरांत शिकतात, तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहितात आणि तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांची परीक्षा देतात. हे प्रश्न नवे नाहीत आणि वेगळेही नाहीत, एवढंच मला आज सांगायचं आहे. आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षं ते एकमेकांत गुंतलेले आहेत. जेव्हा जेव्हा आपण ते सुटे केले, तेव्हा तेव्हा त्याची किंमत वर्गातल्या एखाद्या मुलानं मोजली आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. एल्फिन्स्टनच्या काळात बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनं मराठी-गुजराती शाळा काढायचं ठरवलं. पुस्तकं लिहून घेता येत होती, छापताही येत होती, पण नव्या पद्धतीनं शिकवणारा मास्तर कुठून आणायचा? म्हणून कॅप्टन जार्व्हिस यांच्या देखरेखीखाली काही तरुण तयार केले गेले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक निरनिराळ्या ठिकाणी पाठवले गेले. पुढे १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘नॉर्मल क्लास’ निघाला. त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. दुर्दैवानं पुढच्याच वर्षी बाळशास्त्री गेले.

आता हा ‘नॉर्मल’ शब्द बघा. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, शब्दापाशी थोडा थांबणारच. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, शिक्षक तयार करणारी ‘एकोल नोर्माल’ स्थापन झाली, तिथून हा शब्द आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘नोर्मा’ आहे. नोर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. म्हणजे शिक्षक हा नमुना आणि त्याला लावून सगळ्यांना सरळ करायचं! सुताराच्या हातात लाकूड असतं, ते तक्रार करत नाही. शिक्षकासमोर मूल असतं, आणि कुठलंही मूल काटकोनात जन्माला येत नाही. शिक्षक-प्रशिक्षणातली पुढची सगळी ओढाताण या एका शब्दात आहे, असं मला वाटतं.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. शिक्षण खातं काढा, खाजगी शाळांना अनुदान द्या, प्रत्येक इलाख्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा काढा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. जनसामान्यांपर्यंत शिक्षण न्यावं, असंही म्हटलं होतं. कागदावर उत्तम धोरण. दोनच वर्षांत त्याची परीक्षा झाली.

जून १८५६. गाव धारवाड, तेव्हा मुंबई इलाख्यात. एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला. २१ जुलैला मुंबई सरकारचा ठराव आला. त्याचा मथितार्थ असा, की तात्त्विक न्याय या मुलाच्या बाजूनं आहे, पण एका मुलासाठी हस्तक्षेप केला तर बाकीचे निघून जातील आणि शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी होईल.

हा युक्तिवाद नीट ऐका, कारण तो आजही आपल्या स्टाफरूममध्ये जिवंत आहे. ‘सर, तत्त्व बरोबर आहे, पण एका मुलामुळे चाळीस मुलांचं नुकसान होतं.’ मूल बदलतं, तेव्हा जातीमुळे, आज कधी अपंगत्वामुळे, कधी भाषेमुळे. वाक्य बदलत नाही.

पुढे १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं, की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत. तत्त्व प्रस्थापित झालं. १८८२ च्या हंटर कमिशननं ते पुन्हा मान्य केलं, पण सक्ती न करता जिथं मुलं पुरेशी आहेत तिथं खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींसाठी स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावं, असं सुचवलं. दार उघडलं, पण आत गेल्यावर काय होतं याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. भीमराव. धोरण पाळलं गेलं होतं ना? पण बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, की बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. पटावर नाव आणि वर्गात जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटावरचं नाव धोरण देतं. वर्गातली जागा मास्तर देतो. त्या मास्तराला कोणत्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं? कोणत्याच नाही.

याच काळात पुण्यात दुसरीच एक गोष्ट चालली होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या. आपण सावित्रीबाईंना पहिल्या शिक्षिका म्हणतो, पण त्या आधी शिकल्या, शिक्षिका होण्यासाठी तयार झाल्या, हे विसरतो. इथं शिक्षिका तयार होणं आणि वर्गात कोणाला घ्यायचं, हा एकच प्रश्न होता. या शाळांच्या जाहीर परीक्षाही होत. हल्ली परीक्षा म्हटलं की मुलांना गाळणारी चाळणी डोळ्यांसमोर येते. फुल्यांच्या शाळांची परीक्षा वेगळ्या कामाची होती. मुलींना, अस्पृश्य मुलांना शिकता येत नाही असं म्हणणाऱ्या शहरापुढे पुरावा ठेवायचा होता. तिथं परीक्षा मुलांची नव्हती, बघणाऱ्यांची होती. १८५५ मध्ये याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मूल्यमापनाचं याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही. मुलीनं स्वतःच्या समाजाचं दुःख स्वतःच्या भाषेत मांडलं.

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो, की बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. ते म्हणतात, प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, जो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. नेहमीच्या ट्रेनिंगबरोबरच वेळ पडली तर त्याला नांगराची मूठ धरता आली पाहिजे, सुताराचा वाकस चालवता आला पाहिजे. ट्रेंड शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. अभ्यासात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्य असावं.

बघा, मघाशी आपण सुताराचा गुण्या पाहिला. फुले शिक्षकाच्या हातात वाकस देतात, पण मुलांना तासायला नव्हे. ज्या घरातून मूल येतं, त्या घराचं काम मास्तराला कळावं म्हणून. समावेशक अध्यापनाची यापेक्षा सोपी व्याख्या कुठं आहे?

त्याच निवेदनात ते आणखी एक सुचवतात. ज्या खेड्यातल्या मास्तरांची बरीच मुलं पास होतील, त्यांना पगाराशिवाय काही भत्ता द्यावा. इथं मला प्रामाणिकपणे थांबावं लागतं. निकालावर पैसा ही कल्पना तेव्हा हवेत होती. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी ‘निकालानुसार अनुदान’ सुरू केलं होतं. तपासनीस यायचा, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासायचा, आणि पास झालेल्या डोक्यांवर शाळेचं अनुदान ठरायचं. मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. शिक्षण यांत्रिक होतं म्हणून त्यानं या पद्धतीवर कडक टीका केली. तीच पद्धत साठच्या दशकात मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लागू झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली.

फुल्यांची सूचना आणि ही पद्धत यांत फरक आहे. फुले आधी पगाराची खात्री मागतात, भत्ता वरचा. निकाल-अनुदानात पोटच निकालावर अवलंबून. आणि मास्तराचं पोट निकालावर ठेवलं की काय होणार, ते सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. कच्चं मूल ओझं होतं. हळू शिकणारं, उशिरा आलेलं, गुरांमागून आलेलं मूल म्हणजे बुडालेलं अनुदान. म्हणजे एका हातानं ‘सर्वांना घ्या’ म्हणणारं धोरण आणि दुसऱ्या हातानं ‘कच्च्याला टाळा’ शिकवणारी परीक्षा. हे दोन हात एकाच सरकारचे होते.

हे दोन हात जुळवण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांत एकत्र बसवायचा हुकूम काढला. त्याच वर्षीच्या हुकमांत त्यांनी नोकरांना बजावलं, की ज्याला समतेनं वागणं मान्य नाही त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. धारवाडच्या ठरावाला हे साठ वर्षांनी दिलेलं उत्तर आहे. एका मुलासाठी संस्था अडचणीत येते म्हणता? मग संस्थेनं बदलावं, मुलानं नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातल्या शाळेसाठी खेड्यातला मास्तर, ही फुल्यांची मागणी तिथं उभी राहिली.

आणि ताराबाई मोडक. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत? धाकटं भावंड सांभाळायचं असतं. मग शाळेला पाळणाघर जोडा. गुरं राखायची असतात. मग कुरणात शाळा न्या. ‘मूल शाळेला अयोग्य’ हा शेरा त्यांनी उलटा करून ‘शाळा मुलाला अयोग्य’ असा वाचला.

आता आजकडे येतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक आणि संकलित अशी त्याची रचना झाली, वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना सुंदर. पण शिक्षकाला ती कशी शिकवली? तक्ता कसा भरायचा, एवढंच बहुतेक ठिकाणी शिकवलं. नोंदवह्या भरल्या, मुलाकडे बघायचं राहिलं. मग ‘ढकलगाडी’ म्हणून ओरड झाली, २०१९ ला कायदा बदलला, आणि आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पाळणा एकदा इकडे, एकदा तिकडे. २०२० चं धोरण चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.बद्दल बोलतं. चार वर्षं मिळतील, चांगलंच आहे. पण त्या चार वर्षांत हे तीन प्रश्न एकत्र शिकवले जातील का?

एक कबुली देतो आणि थांबतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका अध्यापक महाविद्यालयात मी बाह्य परीक्षक होतो. पाठ परीक्षा होती. एका छात्राध्यापिकेचा सहावीवर अपूर्णांकांचा पाठ. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याला फळा नीट दिसत नव्हता. ती बाई वर्गाला उदाहरण देऊन त्याच्याशेजारी जाऊन बसली. कागदाची घडी घालून, त्याच्या बोटांनी चाचपून, अर्धा आणि पाव समजावला. सात-आठ मिनिटं गेली. पाठ अपुरा राहिला. माझ्या हातातल्या तक्त्यात आवाज, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, वेळेचं नियोजन, वर्गनियंत्रण असे रकाने होते. मी वेळेचे गुण कापले, नियंत्रणाचेही कापले. नियमाप्रमाणे बरोबर वागलो. बाहेर पडताना तो मुलगा शेजाऱ्याला कागदाची घडी दाखवत होता, तेवढं मात्र लक्षात राहिलं.

त्या तक्त्यात त्या सात मिनिटांसाठी रकानाच नव्हता. पण रकाना नव्हता हे मला दिसलं होतं, आणि तरी मी शेऱ्यात एक ओळ लिहिली नाही, हा दोष तक्त्याचा नाही, माझा. धारवाडच्या ठरावातलं वाक्य त्या दिवशी मी माझ्या पेननं पुन्हा लिहिलं. तत्त्व तुझ्या बाजूनं आहे, बाई, पण बाकीच्या चाळीसांचं काय?

तेव्हा इथं जे अध्यापक-शिक्षक ऐकत आहेत, त्यांना एवढीच विनंती. छात्राध्यापकांना पुढचं परिपत्रक शिकवाल तेव्हा त्याच तासाला विचारा, की यात कोणतं मूल बाहेर राहतं? आणि ते आत आलं तर आपली परीक्षा त्याला धरून ठेवेल की ढकलून देईल? आणि पाठ तपासायला बसाल तेव्हा तक्त्याच्या खाली चार ओळींची जागा मोकळी ठेवा. रकान्यात न मावणारं चांगलं काम लिहायला ती लागते.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.