सॅकरीन आणि घातक द्रव्यांची यादी

एखाद्या द्रव्यावर ‘आरोग्यास घातक’ असा शिक्का सरकार मारते तेव्हा तो निर्णय प्रयोगशाळेतच झाला असला पाहिजे, असे सामान्य माणूस धरून चालतो. अमेरिकेत सॅकरीनच्या बाबतीत जे घडले ते पाहता ही समजूत भाबडीच म्हणावी लागते.

१८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेम्सेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फालबर्ग यांना जेवताना आपल्या हातांना विलक्षण गोडी लागलेली आढळली. साखरेहून शेकडो पटींनी गोड असे हे द्रव्य पुढे मधुमेही रोग्यांचा मोठा आधार बनले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी रसायनखात्याचे प्रमुख हार्वे वायली यांनी त्याविरुद्ध तक्रार केली. परंतु राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतःच वैद्याच्या सल्ल्याने सॅकरीन घेत असत. त्यांनी वायलींनाच फटकारले. खुद्द राष्ट्राध्यक्षांचे पथ्य आड आल्यावर बिचाऱ्या रसायनखात्याचे काय चालणार!

खरा पेच पडला तो १९५८ च्या कायद्याने. काँग्रेसचे सभासद जेम्स डिलेनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमान्वये, ज्या द्रव्याने माणसाला अथवा जनावराला कर्करोग होतो असे आढळेल ते अन्नात मिसळण्यास मज्जाव झाला. मात्रा किती, हा प्रश्नच कायद्याने ठेवला नाही. १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगांत, आहाराच्या शेकडा ५ इतके सॅकरीन दिलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या. अन्न व औषध प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव मांडला, आणि देशभर ओरड झाली. कारण सायक्लामेटवर आधीच बंदी आली होती आणि मधुमेही लोकांना दुसरा पर्याय उरला नव्हता. काँग्रेसने बंदी लांबणीवर टाकली व डब्यांवर इशारा छापण्याची सक्ती केली. ज्या पदार्थाबद्दल इशारा द्यावयाचा तोच विकू द्यावयाचा, अशी ही तडजोड होती. तर्काला ती पटणारी नाही. पण रोग्यांच्या गैरसोयीचा विचार तिच्यात होता, हे मान्य केले पाहिजे.

१९८१ मध्ये सरकारच्या कर्करोगकारक द्रव्यांच्या अहवालात सॅकरीनची नोंद झाली. त्या यादीत दोन वर्ग आहेत: मनुष्यास कर्करोग होतो हे निश्चित ठाऊक असलेली द्रव्ये, आणि तशी वाजवी शक्यता असलेली द्रव्ये. सॅकरीन दुसऱ्या वर्गात गेले. दरम्यान संशोधकांनी उंदराच्या मूत्राचाच अभ्यास केला. मोठ्या मात्रेमुळे त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचतात, ते मूत्राशयाचे अस्तर दुखावतात आणि अस्तर पुनःपुन्हा भरून येताना गाठी धरतात. मनुष्याच्या मूत्राची घडण निराळी असल्याने हा प्रकार त्याला लागू पडत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांची पाहणी केली असता सॅकरीनशी ठाम संबंधही दिसून आला नाही.

तरीही नाव काढणे सोपे नव्हते. १९९७ मध्ये तज्ज्ञांच्या सल्लागार समितीत मतदान झाले, तेव्हा ३ विरुद्ध ४ मतांनी सॅकरीन यादीत ठेवण्याचा कौल मिळाला. पुरावा सर्वांपुढे एकच होता. किती खात्री पुरेशी मानावयाची, एवढाच मतभेद होता. अखेर २००० साली नाव वगळले गेले आणि त्याच वर्षी डब्यांवरील इशाराही गेला. पर्यावरण खात्याच्या घातक टाकाऊ पदार्थांच्या यादीत मात्र ते आणखी दहा वर्षे, २०१० अखेरपर्यंत, टिकून होते.