मनिलाला उतरलेले मास्तर
१९६१ मध्ये पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतले तरुण फिलिपिन्सच्या शाळांत इंग्रजी शिकवायला गेले. त्या सेवेला नवी म्हणणे मात्र इतिहासाला धरून नाही. ऑगस्ट १९०१ मध्येच ‘थॉमस’ हे लष्करी जहाज सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक घेऊन मनिलाला लागले होते, आणि बेटांवर अमेरिकेशी चाललेले युद्ध तेव्हा पुरते शमलेलेही नव्हते. इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले ते अमेरिकी सत्तेच्या हुकमाने. कोणी म्हणेल, ते मास्तर पगारी, हे स्वयंसेवक निर्वाहभत्त्यावर राबणारे. खरे आहे, शिवाय यांनी स्थानिक भाषाही शिकून घेतल्या. पण हेतू निर्मळ असला, तरी इंग्रजीची गरज मुळात कोणी निर्माण केली, हा प्रश्न उरतोच. फिलिपिनो पालकांनाही ती भाषा हवी होती, कारण सरकारी नोकरीची वाट तिच्यातूनच जात होती.