कॉन्फिगर म्हणजे काय? सोर्स कोडपासून लिनक्स बांधतानाची निर्णायक पायरी

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच हे जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 मध्ये सुरू केलेले पुस्तक समोर ठेवून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बांधता येते. त्यात पॅकेजमागून पॅकेज बांधताना बहुतेक वेळा तीनच आज्ञा द्याव्या लागतात: कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. मेक सोर्स कोड कंपाइल करतो आणि मेक इन्स्टॉल तयार फाइली जागेवर ठेवतो. प्रोग्राममध्ये काय असेल आणि काय नसेल, हे मात्र त्याआधीच कॉन्फिगरमध्ये ठरलेले असते.

कॉन्फिगर ही एक लांबलचक शेल स्क्रिप्ट असते. ती सहसा कोणी हाताने लिहीत नाही. ऑटोकॉन्फ हे साधन ती तयार करते. एखादी लायब्ररी तुमच्या संगणकावर आहे का, हे ओळखण्याची तिची पद्धत साधी आहे: त्या लायब्ररीतले फंक्शन वापरणारा चारदोन ओळींचा सी प्रोग्राम ती कंपाइल करून बघते. झाला तर ‘आहे’, नाही तर ‘नाही’. या उत्तरांवरून मेकफाइल तयार होते.

तिला पर्यायही देता येतात. सर्वांत नेहमीचा म्हणजे प्रिफिक्स, अर्थात प्रोग्राम कुठल्या फोल्डरखाली बसवायचा ते. काही सांगितले नाही तर तो ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ या फोल्डरमध्ये जातो. सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेजांसाठी पुस्तक थेट ‘यूएसआर’ द्यायला सांगते.

खरी अडचण ‘नाही’ या उत्तराची आहे. अत्यावश्यक लायब्ररी नसेल तर काम तिथेच थांबते, आणि ते बरेच. पण ऐच्छिक लायब्ररी नसेल तर ती सुविधा गुपचूप वगळली जाते. ओपनएसएसएल नसताना पायथन बांधला तरी तो बिनतक्रार बांधला जातो. एसएसएल मॉड्यूल तेवढे त्यात नसते. मेकच्या शेवटी तशी सूचना येते, पण शेकडो ओळींत ती बघतो कोण? मग एखाद्या दिवशी पिपने पॅकेज उतरवायला जावे, तेव्हा कळते. म्हणूनच पुस्तकात ओपनएसएसएल आधी आणि पायथन नंतर येतो. हा क्रम आपल्या मनाने बदलू नये.

हवी असलेली सुविधा पर्याय देऊन स्पष्टपणे मागितली, तर ती न मिळाल्यास स्क्रिप्ट सहसा चूक दाखवून थांबते. कोणते पर्याय आहेत ते हेल्प दाखवते, आणि ‘नाही’ का आले याचे कारण कॉन्फिग डॉट लॉग या फाइलीत मिळते.

या गुपचूप वगळण्याचा गैरफायदाही घेतला गेला आहे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात लपवलेले बॅकडोअर उघडकीला आले. त्यानंतरच्या तपासात, सीमेक या दुसऱ्या बांधणी-साधनासाठीच्या फाइलीत आणखी एक गोष्ट सापडली. लँडलॉक ही कर्नलची सुरक्षा-सुविधा उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये एक जादा टिंब होते. त्यामुळे तो कधीच कंपाइल होत नसे, उत्तर नेहमी ‘नाही’ येई, आणि एक्सझेड त्या संरक्षणाविना बांधले जाई.