मक्याचा कीस: एका तोंडीलावण्याचा इतिहास कसा वाचावा

प्रस्तावना

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेपासून शिकतो. ताटात डाव्या बाजूला वाढल्या जाणाऱ्या पदार्थाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. या टिपणात मक्याचा कीस हा साधा पदार्थ घेऊन तीन प्रश्न पाहू. त्यातील प्रत्येक वस्तू कुठून आली? हे आपल्याला कशावरून कळते? आणि कोणता पुरावा ग्राह्य धरायचा, कोणता नाही? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘हा पदार्थ आमचाच’ आणि ‘हे सगळे परक्यांचे’ ही दोन्ही विधाने आज सारख्याच सहजतेने केली जातात.

पदार्थ

प्रथम कृती पाहू, कारण पुढचे विवेचन तिच्यावरच उभे आहे. चार कोवळी कणसे सोलून, केस काढून किसणीवर किसावीत. कढईत दोन चमचे तूप तापवून मोहरी, जिरे आणि हिंगाची फोडणी करावी. त्यात दोन-तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि थोडी हळद घालून कीस टाकावा आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटे परतावा. मग वाटीभर दूध घालून झाकण ठेवावे आणि मधून मधून तळापासून हलवत राहावे. दूध आटून कीस मऊ झाला की मीठ आणि चिमूटभर साखर घालावी. आच बंद केल्यावर लिंबू पिळावे आणि वरून कोथिंबीर व ओले खोबरे घालावे.

इंदूरच्या सराफ्यात हाच पदार्थ ‘भुट्टे का कीस’ या नावाने मिळतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीतही पावसाळ्यात कोवळी कणसे आली की तो करता येतो. इथे छत्तीसगढी शेजारी कणसाला ‘जोंधरा’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

मका कुठून आला?

मका मूळचा मेक्सिकोचा. तिओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसाने तो घडवला. वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष आणि आनुवंशिक अभ्यास या दोन स्वतंत्र वाटांनी हाच निष्कर्ष निघतो. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोहोचला आणि त्यानंतर मका अटलांटिकच्या पूर्वेला पसरला. भारतात तो सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारामार्फत आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व राजस्थानच्या महसुली कागदांत तो पीक म्हणून दिसतो.

याविरुद्ध एक मत मांडले गेले. कर्नाटकातील सोमनाथपूरचे केशव मंदिर १२६८ चे, होयसळ काळातले. तेथील मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, म्हणजे मका कोलंबसाच्या आधीच भारतात होता, असे जोहानसेन आणि पार्कर या अभ्यासकांनी १९८९ मध्ये लिहिले. भारतीय मका-तज्ज्ञ पायक आणि सचान यांनी ते नाकारले. त्यांच्या मते ती वस्तू म्हणजे ‘मुक्ताफळ’, मोत्यांनी मढवलेले कल्पित फळ.

निवाडा कसा करायचा? शिल्पात काय दिसते हे पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. ज्याने आयुष्यभर कणसे पाहिली त्याला ओळीने बसवलेल्या गोल दाण्यांत कणीसच दिसेल. म्हणून दुसऱ्या प्रकारचा पुरावा मागावा लागतो. मका खरोखरच तेव्हा पिकत असता, तर उत्खननात जळके दाणे किंवा बुरकुंडे मिळायला हवी होती. ज्वारी, बाजरी, नाचणीचे दाणे मिळतात, पण १४९२ पूर्वीच्या थरातला मक्याचा सर्वमान्य दाणा भारतात मिळालेला नाही. जोवर तो मिळत नाही तोवर शिल्पावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

अशा कामाची मराठी परंपरा आपल्याकडे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी मका आणि जिलबी यांसारख्या रोजच्या गोष्टींवर शोधलेख लिहिले. तारीख ठाऊक असलेल्या ग्रंथांतले आणि पोथ्यांतले उल्लेख क्रमाने लावायचे आणि ‘या वर्षी ही वस्तू नक्की होती’ एवढेच म्हणायचे, ही त्यांची शिस्त.

शब्दांचा सापळा

आता ‘जोंधरा’कडे येऊ. मराठीत जोंधळा म्हणजे ज्वारी. छत्तीसगढीत जोंधरा म्हणजे मका. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. नवे पीक आले तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या पिकाचे नाव दिले, कारण शेतात उभे असताना मक्याचे ताट आणि ज्वारीचे ताट दुरून सारखेच दिसते. जगभर हेच झाले. पोर्तुगीजांचा ‘मिल्यो’ हा शब्द मुळात बारीक भरडधान्याचा. इंग्रजीतल्या ‘कॉर्न’चा जुना अर्थ कोणतेही धान्य. इटालियन लोकांनी मक्याला ‘तुर्की धान्य’ म्हटले, जरी तो तुर्कस्तानचा नव्हता. आपला ‘मका’ हा शब्द मक्का शहराच्या नावावरून आला असावा, असेही एक मत आहे. ते खरे असेल तर तिथेही नाव वाटेतल्या व्यापाऱ्याचे चिकटले, जन्मभूमीचे नाही.

यातून एक नियम मिळतो. जुन्या ग्रंथात आजच्या पिकाचे नाव सापडले, तर ते पीक तेव्हा होते असे सिद्ध होत नाही. शब्द वस्तूपेक्षा जुना असू शकतो.

ढोबळी मिरची, हिरवी मिरची, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिकेचे. म्हणजे किसातला मका आणि मिरची दोन्ही समुद्रापलीकडून आले. हिंग इराण-अफगाणिस्तानकडून येत राहिला. मोहरी, हळद, तूप आणि दूध इथले जुने. खोबरे किनाऱ्यावरचे. या सगळ्यांना एकत्र बांधते ती फोडणी. बाहेरची वस्तू आपलीशी करण्याची आपल्या स्वयंपाकघराची ही ठरलेली रीत आहे.

मराठी कीस आणि मराठी पारा

‘भुट्टे का कीस’ या नावाची रचना पाहा. भुट्टा हिंदी, कीस मराठी. किसणे, किसणी, कीस असे शब्दांचे पूर्ण कुटुंब मराठीत आहे. प्रमाण हिंदीत किसणीला ‘कद्दूकस’ हा फारसी वळणाचा शब्द चालतो. इंदूर १८१८ पासून होळकरांची राजधानी होते. तेव्हा या नावामागे मराठी स्वयंपाकघर असण्याचा संभव मोठा आहे. पण हा भाषेचा पुरावा आहे. त्यावरून पदार्थाचे वर्ष किंवा कर्ता सांगता येत नाही.

‘तात्यापारा’ हे नावही असेच जोडून झालेले. ‘तात्या’ मराठी आणि ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, छत्तीसगढीतला शब्द. तोच बंगालीत ‘पाडा’ होतो. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, पण त्यानंतरही १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. कारकून, शिक्षक, वकील, पुजारी अशी मराठी माणसे या वाटेने इथे आली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये पेंड्र्याहून सुरू करणारे माधवराव सप्रे हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. घरी मराठी आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी, अशी ही वस्ती. जोंधरा बाजारातून आणायचा आणि त्याचा कीस करायचा, हे वाक्यच तिचा इतिहास सांगते.

दाणा आला, ज्ञान मागे राहिले

मेक्सिकोतले लोक मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळत. त्यामुळे साल सुटते आणि दाण्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपीय लोकांनी दाणा नेला, ही प्रक्रिया नेली नाही. जिथे गरिबांचे मुख्य अन्न मकाच झाले, तिथे अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचा काळवंडते, जुलाब होतात, भ्रम होतो आणि शेवटी मृत्यू. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामात हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे हे दाखवले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायसिनची भूमिका सिद्ध केली. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला.

आपल्याकडे पानासाठी चुना घरोघरी होता, तरी तो मक्याला लावण्याची रीत इथे पोहोचली नाही. छत्तीसगढात मुख्य अन्न भात राहिले आणि जोंधरा घरामागच्या बाडीतले पीक. भात, वरण आणि बाजूला थोडा कीस अशा ताटात मक्याची उणीव लपून जाते. किसातल्या दुधात ट्रिप्टोफॅन असते, त्यापासून शरीर थोडे नायसिन स्वतः बनवते. म्हणून ‘तोंडीलावणे’ या दुय्यम जागेकडे आदराने पाहावे. ज्यांना दुसरे काही परवडत नव्हते, त्यांच्या ताटात मका मधोमध गेला आणि तिथेच त्याने माणसे मारली.

आच

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक तांत्रिक बाब. मक्याचे पिष्ट साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगते आणि मिश्रण घट्ट होते. किसल्यामुळे पिष्ट मोकळे झालेले असते, त्यामुळे ते तळाला लवकर लागते. म्हणून सतत, मंद आणि हवी तशी कमी करता येणारी आच हवी. चुलीत लाकूड मागे ओढून ती साधावी लागे. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या दाबाच्या रॉकेल स्टोव्हने आणि नंतर गॅसने ती चावीवर आणली. लिंबू शेवटी पिळण्याचेही कारण आहे. आम्लता वाढली की दुधातले केसिन फुटते.

कणीसही बदलले. १९५७ मध्ये मक्यावरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे संकरित वाण आले. आजच्या स्वीट कॉर्नमध्ये एका जनुकीय बदलामुळे साखरेचे पिष्ट होणे मंदावते. त्यामुळे त्याचा कीस गोड आणि पातळ होतो. दूध निम्मे घ्यावे आणि साखर वगळावी.

विचारासाठी

१. आपल्या घरातला एखादा ‘पारंपरिक’ पदार्थ निवडा. त्यातील प्रत्येक घटक भारतात कधीपासून आहे ते शोधा.
२. आपल्या बोलीत मक्याला काय म्हणतात? तो शब्द शेजारच्या भाषेत दुसऱ्या धान्याचा आहे का?
३. सोमनाथपूरच्या वादात कोणता नवा पुरावा मिळाला तर आपण मत बदलाल? तो आधीच लिहून ठेवा.
४. एखादी वस्तू स्थलांतरित झाली, पण ती वापरण्याचे ज्ञान मागे राहिले, असे दुसरे उदाहरण द्या. किंमत कोणी मोजली?