पेट्रोलगळती व भूजल

पेट्रोलगळती व भूजल : टाकी किंवा नळातून जमिनीत झिरपलेल्या पेट्रोलमुळे होणारे भूजलाचे व विहिरींचे प्रदूषण आणि त्याचे निवारण. गळती बहुधा गंजलेल्या भूमिगत पोलादी टाक्यांतून वा नळांच्या सांध्यांतून होते. पाण्याहून हलके पेट्रोल भूजलपातळीवर तरंगते. त्यातील कर्करोगकारक बेंझीन मात्र काही प्रमाणात विरघळून प्रवाहाबरोबर पसरते (पहा : भूजल). भेगाळ बेसाल्टात त्याची वाट हेरणे विशेष कठीण असते. पिण्याच्या पाण्यातील बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ. आहे.

प्रथम गळती थांबवून आगीची साधने दूर ठेवतात व लगतच्या विहिरींचा वापर बंद करतात. उपसा चालू राहिल्यास प्रदूषण विहिरीकडे ओढले जाते. असे दूषित पाणी उकळल्याने घातक बाष्प घरात पसरते. नंतर निरीक्षण विंधनविहिरी घेऊन तरंगते इंधन काढतात, मातीतील बाष्प शोषून घेतात आणि पाणी सक्रियित कार्बनातून गाळतात (पहा : अधिशोषण). उरलेल्या अंशाचे सूक्ष्मजीव सावकाश विघटन करतात.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला पेट्रोलमधील एमटीबीई या पूरकामुळे १९९६ मध्ये निम्मा पाणीपुरवठा करणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या. २००४ पासून त्या राज्यात हे पूरक वर्ज्य आहे.